कर्जबदलीचा खर्च सहीपूर्वी कोणाकडून तपासून घ्यावा?

वाचकांचे प्रश्न : घर आणि कर्ज

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचे स्वतःचे घर आहे. त्यावर एका गृहवित्त कंपनीचे ३० लाख रुपयांचे कर्ज शिल्लक असून मुदत १५ वर्षे उरली आहे. फ्लोटिंग म्हणजे बदलता व्याजदर सध्या ९ टक्के आणि हप्ता ३०,४२८ रुपये आहे. एका बँकेचा प्रतिनिधी महिनाभर घरी येत आहे. त्याच्या म्हणण्यानुसार कर्ज त्या बँकेत नेल्यास ८ टक्के दर मिळेल, हप्ता २५,०९३ रुपयांवर येईल आणि खर्च काय तो प्रोसेसिंग फीचा, जीएसटी धरून १७,७०० रुपये. आम्ही सध्याच्या कंपनीत चौकशी केली, तेव्हा ७,५०० रुपये व त्यावरील जीएसटी भरल्यास दर ८.३५ टक्के करून देऊ, असे त्यांनी लेखी कळवले. सही करण्यापूर्वी कागद एखाद्या जाणकाराला दाखवावेत असे माझ्या यजमानांना वाटते. प्रतिनिधी मात्र म्हणतो की बँकेच्या वकिलाने सगळे पाहिलेलेच असते, आपण पुन्हा पैसे कशाला घालवता? प्रतिनिधीने ठेवलेल्या कागदांच्या प्रती सोबत पाठवत आहे. — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे आपण पाठवलेल्या कागदांतूनच दाखवता येते.

प्रथम हप्त्याचा आकडा पाहू. ३०,४२८ वरून २५,०९३, म्हणजे महिन्याला ५,३३५ रुपये वाचतात, असे प्रतिनिधीने सांगितले. हिशेब चुकीचा नाही, पण तो २० वर्षांच्या मुदतीवर मांडलेला आहे. आपले कर्ज १५ वर्षांत फिटणार होते. आजच्या दराने आपण १५ वर्षांत एकूण सुमारे ५४ लाख ७७ हजार रुपये भरले असते. नव्या प्रस्तावाप्रमाणे २० वर्षांत सुमारे ६० लाख २२ हजार भरावे लागतील. व्याजदर एक टक्क्याने उतरूनही आपण जवळजवळ ५ लाख ४५ हजार रुपये अधिक देणार आहात, कारण पाच वर्षांचे हप्ते गुपचूप वाढले आहेत. मुदत १५ वर्षेच ठेवली, तर ८ टक्क्यांनी हप्ता २८,६७० रुपये होतो. खरी बचत महिन्याला १,७५८ रुपये आहे, आणि कर्जबदलीचा विचार करायचा तो याच आकड्यावरून. मुदत वाढवून हप्ता हलका करण्याची कोणाला खरोखर गरज असू शकते, त्यात गैर काही नाही. पण ती बचत नव्हे, आणि तिला बचत म्हणून सांगणे मला योग्य वाटत नाही.

आता खर्च. प्रोसेसिंग फी १५,००० व त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १७,७०० रुपये, हा आकडा बरोबर आहे. परंतु तो ‘तेवढाच’ नाही. मंजुरीपत्राच्या मसुद्यात तिसऱ्या पानावर कायदेशीर तपासणी व मूल्यांकन यांचे ८,२६० रुपये, दस्तऐवज शुल्काचे ५,९०० रुपये आणि गहाणाच्या कागदांवरील मुद्रांक व नोंदणीचे अंदाजे १५,००० रुपये वेगवेगळ्या कलमांत विखुरलेले आहेत. या सर्वांची बेरीज ४६,८६० रुपये होते. दरमहा १,७५८ रुपयांच्या बचतीतून हा खर्च भरून निघण्यास सुमारे २७ महिने लागतील. १५ वर्षे त्याच घरात राहायचे असेल, तर हे वाईट नाही.

परंतु याच गठ्ठ्यात एक विमा प्रस्तावही आहे, ज्याचा उल्लेख प्रतिनिधीने आपल्याशी केलेला दिसत नाही. सही करण्याच्या जागी प्रतिनिधी पेन्सिलीने बारीक फुल्या करून ठेवतात, हे आपण पाहिलेच असेल. आपल्या कागदांवरील फुल्या मी मोजल्या. त्या २३ आहेत, आणि त्यांतील तीन कर्जाच्या कागदांवर नसून विम्याच्या अर्जावर आहेत. हप्ता एकरकमी ८४,००० रुपये असून तो कर्जात मिळवायचा आहे, म्हणजे कर्ज ३० लाख ८४ हजारांचे होईल. १५ वर्षांच्या मुदतीत या ८४,००० रुपयांपोटी महिन्याला ८०३ रुपये, आणि अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार रुपये भरावे लागतील. आपली मासिक बचत १,७५८ वरून ९५५ वर येईल. सध्याच्या कंपनीने देऊ केलेल्या ८.३५ टक्क्यांनी हप्ता २९,२७९ होतो, म्हणजे कोठेही न जाता महिन्याला १,१४९ रुपये वाचतात. विमा घेऊन कर्ज बदलल्यास आपण जागच्या जागी मिळणाऱ्या बचतीपेक्षाही कमी वाचवाल. कर्जासाठी आयुर्विमा घेणे कायद्याने सक्तीचे नाही. घरातील कमावत्या माणसामागे कर्जाइतके विमासंरक्षण असावे, असे माझे ठाम मत आहे. पण साधा मुदत विमा बाहेरून, दोन-तीन ठिकाणी चौकशी करून, स्वतंत्रपणे घ्यावा. तो कर्जाच्या रकमेत मिसळू नये. सही आधीच झाली असेल आणि पॉलिसी हाती आली असेल, तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करण्याचा हक्क विमाधारकाला असतो.

हे सर्व मी आपल्या कागदांवरून मांडले. जाणकार नेमके हेच काम करतो. तो कोण असावा, हा आपला खरा प्रश्न आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी काम करतो. घराचा हक्क स्वच्छ आहे काय आणि बँकेचे पैसे सुरक्षित राहतील काय, एवढेच तो बँकेला सांगतो. आपल्याला कोणते शुल्क अकारण पडत आहे, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. प्रतिनिधीला कर्ज मंजूर होऊन रक्कम दिली गेली की दलाली मिळते. त्यात लपवण्यासारखे काही नाही, तो त्याचा व्यवसाय आहे; पण ‘कर्ज बदलू नका’ असा सल्ला त्याच्याकडून अपेक्षित धरता येत नाही. आपल्याला असा माणूस हवा, ज्याला आपण बँक बदलली काय आणि न बदलली काय, सारखेच. आपले आयकराचे काम पाहणारा चार्टर्ड अकाउंटंट किंवा कर्ज विभागात काम करून निवृत्त झालेला बँक अधिकारी हे आकडे तासाभरात तपासू शकतो. ठरावीक रक्कम आधी ठरवून घ्यावी. कर्जाच्या टक्केवारीत मोबदला मागणाऱ्याकडे जाऊ नये. वकिलाकडे जायचे ते घराच्या कागदांसाठी. ते काम वेगळे आहे, त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

कागद कधी दाखवावेत, हेही महत्त्वाचे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्के धरून काढलेला वार्षिक दर, ज्याला एपीआर म्हणतात, छापलेला असतो. विमा, कायदेशीर तपासणी अशी तिसऱ्या पक्षासाठी वसूल केलेली रक्कमही त्यात यावी लागते, आणि पत्रकात नसलेले कोणतेही शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असाही नियम आहे. तेव्हा ते मराठीत मागण्यास संकोच करू नये. ते हाती आल्यावर विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. जाणकाराची गाठ घ्यायची ती याच तीन दिवसांत. ‘आजच सही केली नाही तर हा दर मिळणार नाही’ असे कोणी सांगितले, तर त्याला हा नियम शांतपणे दाखवावा. आपल्याला अद्याप केवळ मंजुरीपत्राचा मसुदा मिळाला आहे. प्रोसेसिंग फीचा धनादेश देण्याआधी हे पत्रक मागून घ्या, कारण घराच्या कागदांवरून अर्ज नामंजूर झाला तरी ही फी बहुधा परत मिळत नाही.

जाणकाराला भेटताना सध्याच्या कर्जाचे करारपत्र, गेल्या वर्षभराचे खाते-विवरण, जुन्या कंपनीचा लेखी प्रस्ताव, नवे पत्रक आणि मंजुरीपत्र बरोबर न्यावे. ‘मी बदलू का?’ असे विचारण्यापेक्षा ‘मुदत तीच ठेवली तर दोन्हीकडे शेवटपर्यंत किती रुपये जातील?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मत मिळते, दुसऱ्याला आकडा मिळतो.

आणखी दोन खर्च असे आहेत, ज्यांचा आकडा बहुधा कोणत्याही कागदावर छापलेला नसतो. पहिला आहे मधल्या दिवसांच्या व्याजाचा. नव्या बँकेने धनादेश काढला की तिचे व्याज सुरू होते, आणि तो जुन्या कंपनीच्या खात्यात जमा होईपर्यंत जुनेही चालूच राहते. ३० लाखांवर ८ टक्क्यांनी दिवसाला सुमारे ६५७ रुपये होतात. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या कर्जबदलीत धनादेश ११ दिवस एका टेबलावर पडून राहिला आणि मी ११ दिवसांचे व्याज दोन्हीकडे भरले. ती रक्कम थेट बँकेतून बँकेत पाठवावी अशी लेखी विनंती मी आधी केली असती, तर तो भुर्दंड टळला असता. आपण ती विनंती जरूर करा. दुसरा खर्च काही मंजुरीपत्रांतील एका अटीमुळे पडतो : घराची मूळ कागदपत्रे नव्या बँकेकडे पोहोचेपर्यंत दर थोडा चढा राहील. ही अट आपल्या मसुद्यात सातव्या पानावर आहे. ती काढून टाकण्यास सांगा, किंवा निदान तिला दिवसांची मर्यादा घालून घ्या.

जुन्या कंपनीला मुदतपूर्व परतफेडीचा दंड द्यावा लागेल काय, अशी शंका आपल्या मनात असू शकते. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर असा दंड बँकेला किंवा गृहवित्त कंपनीला घेता येत नाही. स्थिर दराचे कर्ज असलेल्या वाचकांनी मात्र आपले करारपत्र आधी पाहावे.

माझे मत विचाराल, तर विमा वगळून आणि १५ वर्षांचीच मुदत धरून हा बदल केल्यास तो तोट्याचा नाही. जुन्याच कंपनीत ८,८५० रुपये भरून राहिल्यास महिन्याला १,१४९ वाचतात. बदलल्यास त्याहून ६०९ रुपये अधिक वाचतात, परंतु ३८,०१० रुपये अधिक खर्चून. तो जादा खर्च वसूल होण्यास पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. पाच-सात वर्षांत घर विकण्याचा किंवा कर्ज लवकर फेडण्याचा विचार असेल, तर राहा. तसा विचार नसेल, तर बदलण्याच्या बाजूने एक सबळ कारण आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची फ्लोटिंग दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) बाह्य मानकाशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला, तेव्हा अशा कर्जदारांना दर मागावा लागला नाही. गृहवित्त कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या मानकाप्रमाणे चालतो; आज आपण विचारले म्हणून ८.३५ मिळाला, उद्या पुन्हा विचारावे लागेल. अर्थात रेपो चढला की बँकेचा दरही तितक्याच तत्परतेने चढतो, हेही मनाशी धरून ठेवा.

प्रश्न : डिचोलीतील घर माझ्या एकट्याच्या नावे आहे, जमीन मी लग्नानंतर खरेदी केली. कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना ती बँक पत्नीची सही आणि विवाहाचा दाखला मागते. तिचे उत्पन्न नाही. हा अनावश्यक खर्च व त्रास टाळता येईल काय? — एक वाचक, डिचोली

उत्तर : टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी आजही लागू आहेत. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक ठरते. विक्रीखतावर आपले एकट्याचे नाव असले, तरी निम्मा हक्क आपल्या पत्नीचा आहे, आणि तिच्या संमतीवाचून घर गहाण ठेवता येत नाही. विवाह गोव्याबाहेर झाला असेल किंवा जमीन देणगी अथवा वारशाने आली असेल, तर स्थिती वेगळी असू शकते. त्यासाठी गोव्यात वकिली करणाऱ्या, येथील कायदा रोज हाताळणाऱ्या वकिलाचाच सल्ला घ्यावा. मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या वकिलाने या बाबतीत दिलेले मत येथे उपयोगी पडेलच असे नाही.

मात्र पत्नीने कोणत्या नात्याने सही करावी, हे बारकाईने पाहा. गहाणाला संमती देणारी सहमालक आणि सहकर्जदार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहकर्जदार म्हणून सही केली की संपूर्ण कर्जाची जबाबदारी तिच्यावरही येते, आणि हप्ते थकले तर तिच्याही पतनोंदीवर डाग पडतो. सोयीसाठी छापील अर्जात ‘सहकर्जदार’ असेच लिहिलेले असते. बँक तसा आग्रह धरू शकते, पण निदान काय मागितले जात आहे हे आपल्या पत्नीला सहीपूर्वी नीट समजावून सांगितले गेले पाहिजे. वकिलासमोर बसून तिनेच त्याला प्रश्न विचारावेत, अशी माझी विनंती आहे.

वकिलाकडे जाताच आहात, तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा, जमीन-वापराच्या रूपांतराची सनद, बांधकाम परवाना, वास्तव्य (ऑक्युपन्सी) दाखला आणि उपनिबंधक कार्यालयातील बोजा नसल्याचा दाखला त्याच भेटीत दाखवा. सध्याच्या बँकेचा बोजा कोणत्या प्रकारे नोंदला आहे हे त्याला विचारा. मूळ दस्त बँकेकडे ठेवून केलेले गहाण असेल तर ते सुटणे सोपे. नोंदणीकृत गहाणखत असेल, तर ते रद्द करण्याचा दस्तही नोंदवावा लागतो आणि त्याचा खर्च नव्या बँकेच्या पत्रकात दिसत नाही. वडिलार्जित जमिनीवर घर असलेल्या अनेक वाचकांना आणखी एक अडचण येते. आजोबांच्या नावावरून नामांतर झालेलेच नसते. जुन्या संस्थेने तेव्हा डोळेझाक केलेली असते, नवी बँक करत नाही, आणि मग वारसपत्र किंवा इन्व्हेंटरीचे (वारसांतील मालमत्ता-वाटणीचे) प्रकरण चालवावे लागते. ते प्रोसेसिंग फी भरल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले केव्हाही बरे.

प्रश्न : कर्ज नव्या बँकेने फेडून ४० दिवस झाले, तरी जुनी बँक घराची मूळ कागदपत्रे देत नाही. नवी बँक जादा व्याज लावत आहे. काय करावे? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करून बोजा उतरवणे बंधनकारक आहे. विलंब बँकेमुळे झाला असेल, तर प्रत्येक दिवसामागे ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे गहाळ झाली असतील, तर बँकेने दुय्यम प्रती मिळवून देण्यास मदत करावी आणि त्याचा खर्च सोसावा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. कर्ज खाते बंद झाल्याच्या पत्राची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांच्या नावे आजच लेखी अर्ज द्या, त्यात खाते बंद झाल्याची तारीख व उलटलेले दिवस स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. नव्या बँकेने लावलेल्या जादा व्याजाचे विवरण दर महिन्याला मागून जपून ठेवा, आणि तो आकडा तक्रारीत स्वतंत्रपणे मांडा.